ठरावाची झेरॉक्स बघून साडेआठ लाख दिले

एस.टी.त ३१ वर्षं वाहक म्हणून काढली. २०२२ मध्ये निवृत्त झालो आणि जे पैसे हातात आले त्यातले साडेआठ लाख एका झेरॉक्सवर विश्वास ठेवून देऊन बसलो. ती झेरॉक्स महापालिकेच्या सर्वसाधारण सभेच्या ठरावाची होती. हे सगळं आधीच लिहायला हवं होतं, पण घरात विषय निघाला की हिचं ताटावरून उठणं मला बघवत नाही, म्हणून टाळत आलो. गेल्या महिन्यात आळंदी रस्त्याला नवा फ्लेक्स लागलेला दिसला, 'लवकरच आर झोन, आजच बुक करा'. आर झोन म्हणजे रहिवासी विभाग, जिथे घरं बांधता येतात. तेव्हा ठरवलं की आता लिहायचंच.

जागा पिंपरी-चिंचवडच्या कडेची. १९९७ साली महापालिकेत जी गावं घेतली त्यातल्या एका गावची शेतजमीन. दाखवायला आला तो पोरगा हिच्या माहेरच्या ओळखीतला, त्यामुळे त्याला चहा पाजण्यापासून सुरुवात झाली. मुरूम टाकून रस्ता केलेला, चुन्याच्या फक्कीने प्लॉट आखलेले, कोपऱ्याकोपऱ्याला सिमेंटचे खांब. म्हणाला, "काका, आज हा ग्रीन झोन आहे म्हणून साडेपाच लाख गुंठा आहे. झोन बदलायचा ठराव पास झालाय. वर्षभरात पिवळा पट्टा झाला की बारा लाखाच्या खाली कोणी हात लावू देणार नाही."

नकाशात रहिवासी विभाग पिवळा आणि शेतीचा हिरवा दाखवतात हे मला तेव्हाच कळलं. त्याने दोन कागद काढले. एक ठरावाची प्रत, वर ठराव क्रमांक, दिनांक २० जून २०२२, खाली गोल शिक्का. दुसरा नकाशाचा तुकडा, त्यात आमचा गट नंबर पिवळ्या रंगात. आयुष्यभर तिकिटांचा नि रोकडीचा हिशेब पैशापैशाला जुळवलेला माणूस मी, पण शिक्का आणि क्रमांक असलेला सरकारी कागद समोर आला की आपली पिढी हात जोडते. मी तो दोनदा वाचला. 'मा. महापौर यांच्या अध्यक्षतेखाली झालेल्या सभेत' असं लिहिलेलं होतं. मला त्यात वावगं काहीच दिसलं नाही.

हिने त्याच दिवशी विचारलं होतं, "एवढा ठराव झालाय तर महापालिकेत जाऊन एकदा विचारायला काय हरकत आहे?" मी म्हणालो, घरचा पोरगा आहे, त्याच्यावर संशय कसा घ्यायचा. हे वाक्य मी आयुष्यभर विसरणार नाही.

दीड गुंठा घेतला. सव्वाआठ लाख जागेचे आणि २५ हजार 'फाइलीचा खर्च'. खरेदीखत का नाही विचारलं तर त्याच्याकडे उत्तर तयार होतं. १२ जुलै २०२१ ला नोंदणी विभागाने परिपत्रक काढून जमिनीच्या छोट्या तुकड्यांचे खरेदी-दस्त थांबवलेत, म्हणून सध्या नोटरीवर साठेखत, कुलमुखत्यारपत्र आणि ताबा पावती करू, झोन बदलला की लगेच रजिस्टर. यातलं परिपत्रक खरंच निघालेलं होतं. पेपरमध्ये आलं होतं, पुढे त्यावरून हायकोर्टात भांडणंही झाली. फसवणारा माणूस सगळं खोटं बोलत नाही, हे मला इथे कळलं. चार गोष्टी खऱ्या सांगतो, त्या आपण बाहेर विचारून पडताळतो, आणि पाचवी मग विचारायची राहून जाते. तीन लाख चेकने दिले, बाकी रोख. रोख का, तर मूळ शेतकऱ्याला तसे हवेत म्हणून.

२०२४ च्या सुरुवातीला मुलगा म्हणाला, दोन खोल्या तरी टाकू. ओळखीच्या आर्किटेक्टकडे गेलो. त्याने कागद बाजूला सरकवले आणि म्हणाला, "हे राहू द्या. झोन दाखला आणि भाग नकाशा काढून आणा." दीड वर्षात हे दोन शब्द मी पहिल्यांदा ऐकत होतो. जागा कुठल्या झोनमध्ये आहे हे महापालिका स्वतः लिहून देते तो झोन दाखला, आणि विकास योजनेच्या, म्हणजे शहराच्या मंजूर आराखड्याच्या, नकाशातला आपल्या जागेपुरता भाग तो भाग नकाशा.

नगररचना विभागात अर्ज दिला, फी भरली. दाखला मिळाला त्यावर सरळ लिहिलेलं होतं : हरित विभाग. वर आणखी एक ओळ, प्लॉटच्या एका बाजूने विकास योजनेतला १८ मीटरचा रस्ता जातो. मी माझ्याकडचा नकाशा काढून खिडकीतल्या माणसापुढे धरला. तो बिचारा चांगला होता, हाकलून नाही दिलं. त्याने कागद उजेडाकडे धरला आणि मला जवळ बोलावलं. पिवळा रंग गटाच्या रेषेच्या बाहेर जरासा ओघळलेला होता. खाली हिरव्या आडव्या रेघा पुसट दिसत होत्या. कोणीतरी हाताने रंग देऊन त्याची रंगीत झेरॉक्स काढलेली. मग त्याने ठराव घेतला आणि तारखेवर बोट ठेवलं.

"काका, जून २०२२ ला महापौर कुठे होते? मार्चमध्येच मुदत संपली. तेव्हापासून प्रशासक आहेत."

पेपर रोज वाचतो मी. निवडणुका लांबल्या, प्रशासक बसले, हे वाचून वाचून पाठ झालेलं. तरी त्या एका ओळीवरून माझी नजर दोनदा गेली आणि दोन्ही वेळा पुढे सरकली. मी तिथल्या बाकड्यावर बसलो. त्याने पाणी आणून दिलं.

त्याच माणसाने मला जे समजावलं ते इथे लिहितो, कारण माझा सगळा अनुभव यासाठीच लिहिलाय. समजा तो ठराव खरा असता, सभेत एकमताने मंजूर झालेला असता, तरी माझी जागा त्या दिवशी हिरवीच राहिली असती. मंजूर विकास योजनेतला झोन बदलायचा तर महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ खाली फेरबदल करावा लागतो. महापालिकेचा ठराव ही त्यातली पहिली पायरी. मग राजपत्रात सूचना, लोकांच्या हरकतींसाठी एक महिना, सुनावणी, मग प्रस्ताव राज्य सरकारकडे. सरकार नगररचना संचालकांचं मत घेतं आणि पटलं तर मंजुरीची अधिसूचना काढतं. नाही पटलं तर प्रस्ताव फेटाळतं. ती अधिसूचना निघेपर्यंत सभागृहातला ठराव म्हणजे नुसती मागणी आहे. आणि एजंट लोक विकतात ते नेमकं ठराव आणि अधिसूचना यांच्यातलं अंतर. खोटा ठराव करायचीही गरज नसते त्यांना. खरा ठराव दाखवूनही हेच करता येतं, आणि तेव्हा तर पोलिसांकडे न्यायलाही आपल्या हातात बनावट कागद राहत नाही.

हीच गोष्ट 'प्रारूप' शब्दाची. मे २०२५ मध्ये आमच्या शहराची नवी प्रारूप विकास योजना प्रसिद्ध झाली, आणि आठवडाभरात तिच्या नकाशांचे फोटो मोबाइलवर फिरायला लागले, 'आता पिवळा झाला' म्हणून. प्रारूप म्हणजे कच्चा. त्यावर हरकती येतात, बदल होतात, सरकारची मंजुरी लागते. आज पिवळं दिसणारं उद्या शाळेचं आरक्षण होऊ शकतं. नकाशावर तो शब्द बारीक अक्षरात कुठेतरी असतो आणि एजंटच्या फोटोत नेमका तेवढाच भाग कापलेला असतो.

त्या कार्यालयाच्या रांगेत एक बाई भेटल्या, साडेपाचशे चौरस फुटांसाठी सगळे दागिने मोडलेल्या. त्यांना सांगितलं होतं की बागेचं आरक्षण होतं, पण दहा वर्षं झाली, त्याच नगररचना अधिनियमाच्या कलम १२७ प्रमाणे आपोआप उठलं. आपोआप काही उठत नाही. दहा वर्षांनंतर जमीनमालकाने स्वतः खरेदीची नोटीस द्यायची असते, त्यानंतर महापालिकेला २४ महिने मिळतात, त्यात संपादनाची पावलं पडली नाहीत तरच ते रद्द होतं. मूळ मालकाने नोटीसच दिलेली नव्हती.

टॅक्स पावतीबद्दल वेगळं लिहायलाच हवं. मला पटवताना त्या पोराने शेजारच्या पत्र्याच्या घराची मिळकतकराची पावती दाखवली होती. महापालिका कर घेते म्हणजे तिने मान्य केलंय, असं त्याचं म्हणणं, आणि मलाही ते अगदी पटलं. हे चूक आहे. महापालिका अनधिकृत बांधकामालाही कर लावते, आणि तो भरल्याने बांधकाम अधिकृत होत नाही. उलट आमच्याकडे अशा बांधकामांवर महापालिका अधिनियमाच्या कलम २६७अ खाली कराच्या दुप्पट शास्ती, म्हणजे दंड, लागत होती आणि त्या कलमातच लिहिलंय की ती भरल्याने बांधकाम नियमित झालं असं समजू नये. २०२३ मध्ये पिंपरी-चिंचवडची थकलेली शास्ती सरकारने माफ केली तेव्हा पेढे वाटलेले मी स्वतः पाहिलेत. लोकांना वाटलं घरं कायदेशीर झाली. माफ झाला तो दंड. झोन तोच राहिला, परवानगी नव्हती ती नाहीच. लाइटच्या मीटरचंही तसंच आहे, वीज मिळते म्हणजे बांधायची मुभा मिळते असं नाही.

गुंठेवारीचं, म्हणजे परवानगीशिवाय पाडलेले प्लॉट नि त्यावरची घरं कायद्याने नियमित करून देण्याचं, आश्वासनही मला दिलं होतं. २०२१ च्या दुरुस्तीने ती मुदत वाढली हे खरं, पण ती ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या प्लॉट नि बांधकामांपुरती. त्यानंतर घेतलेला माझा दीड गुंठा त्यात बसेल याचा भरवसा कोणी देऊ शकत नव्हतं.

यावर कोणी म्हणेल, हजारो घरं उभी आहेतच की अशी. आहेत. पण १७ मे २०२५ ला चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेतले, म्हणजे बांधकामाला बंदी असलेल्या पूरपट्ट्यातले, ३६ बंगले हरित लवादाच्या आदेशाने पाडले, सुप्रीम कोर्टातही ते वाचले नाहीत. मी दुसऱ्या दिवशी तिथे गेलो होतो. एका ढिगाऱ्यावर किचनच्या ओट्याचा काळा ग्रॅनाइट अख्खाच्या अख्खा पडलेला, त्यावर घासणी तशीच चिकटलेली. ती माणसंही कुठलातरी कागद बघूनच आली असणार.

माझ्या बाबतीत पुढे काय झालं ते थोडक्यात सांगतो. पोराचा फोन बंद. सातबाऱ्यावरच्या मूळ शेतकऱ्याला गाठलं तर तो म्हणाला, मला सुरुवातीच्या विसाराशिवाय दमडी मिळालेली नाही, आणि माझ्या दोन बहिणींच्या सह्याही झालेल्या नाहीत. १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. उत्तर आलं : 'सदर क्रमांकाचा व दिनांकाचा ठराव या कार्यालयाच्या अभिलेखात आढळून येत नाही.' या एका ओळीने पुढचं काम झालं. आधी पोलीस 'हा दिवाणी मामला आहे' म्हणत होते. हे पत्र जोडल्यावर फसवणुकीच्या ४२० बरोबर बनावट कागदपत्रांची ४६८ आणि ४७१ ही कलमं लागली. तपासात पहिला प्रश्न आला, पैसे दिल्याचा पुरावा. चेकचे तीन लाख सिद्ध झाले. रोखीच्या साडेपाच लाखांना माझ्या शब्दाशिवाय आधार नाही.

दहा रुपयांचा तो अर्ज पैसे देण्याआधी टाकला असता तर महिनाभर थांबावं लागलं असतं. झोन दाखल्याला त्याहूनही कमी दिवस लागले. मला घाई कसली होती? भाव वाढेल ही घाई त्या पोराने माझ्या डोक्यात घातली आणि मी ती माझीच समजलो.

परवाच्या रविवारी मी त्या जागेवर गेलो होतो. माझ्या प्लॉटच्या पलीकडे ताजी फक्की मारलेली दिसली. एक तरुण जोडपं टेप धरून माप घेत होतं, कडेवर लहान मूल. जवळ जाऊन विचारलं तर ५१ हजार टोकन दिलेलं, उरलेले पैसे गुरुवारी द्यायचे ठरलेले. एजंट दुसरा, ठराव मात्र तोच, क्रमांकही तोच. मी माहितीच्या अधिकाराचं उत्तर आता पाकिटातच ठेवतो. ते काढून त्याच्या हातात दिलं. त्याने उभ्या उभ्या वाचलं, मग बायकोला दिलं. तिने वाचून फक्त एवढंच विचारलं, "काका, याची झेरॉक्स मिळेल का?"

तिघांना घेऊन चौकातल्या दुकानात गेलो. तिने पाच प्रती काढल्या.