बेडन पॉवेल जीवनपट : घ्या, पण दुरुस्त करूनच लावा

लातूरच्या गंजगोलाईत शालेय साहित्याच्या दुकानात स्काऊट-गाईडसाठी, स्काऊट चळवळीचे जनक बेडन पॉवेल यांचा जीवनपट मिळतो. तीन फूट बाय दोन फूट, वर-खाली प्लॅस्टिकची पट्टी, बारा चौकटी, किंमत १८० रुपये. २२ फेब्रुवारीचा चिंतन दिन, म्हणजे त्यांचा वाढदिवस, जवळ आला की शाळा असे तक्ते घाऊक नेतात, म्हणून चौकट न् चौकट तपासून लिहितोय.

लष्करी भाग झकास. १८५७ला लंडनमध्ये जन्म, १८७६ला १३व्या हुसार घोडदळातून भारतात, पुढे दक्षिण आफ्रिकेतल्या माफेकिंग गावाचा २१७ दिवसांचा वेढा, त्यात गावाचा बचाव त्यांनी केला. सगळं बरोबर. त्या वेढ्यातली युक्तीही चितारली आहे : तार नाहीच, तरी शत्रूला दिसावं म्हणून सैनिक काटेरी तार ओलांडल्यासारखे पाय उचलून चालताहेत. पोरं याच चौकटीपाशी घोटाळणार.

पुढे मात्र घोळ आहे. माफेकिंगमधली निरोप्या मुलांची तुकडी बेडन पॉवेल यांनी उभारली, असं छापलंय. ती त्यांच्या हाताखालच्या लॉर्ड एडवर्ड सेसिल यांनी उभारली. बेडन पॉवेल यांच्या मनात भरलं ते मुलांनी जबाबदारी पेलणं. दुसरी चूक : 'निवृत्तीनंतर शिबिर'. ऑगस्ट १९०७च्या, इंग्लंडमधल्या ब्राउन्सी बेटावरच्या पहिल्या स्काऊट शिबिरावेळी ते नोकरीतच होते, निवृत्ती १९१०ची. वेढ्यात आफ्रिकी रहिवाशांची अन्नावाचून झालेली परवडही गाळली आहे. शिक्षकांनी ती तोंडी सांगावी.

ब्राउन्सीची चौकट सगळ्यात मोठी हवी होती, ती आगपेटीएवढी आहे. उच्चभ्रू शाळांतली आणि कामगार घरांतली मिळून वीसेक मुलं, लांडगा, बैल आणि कर्ल्यू, रेव्हन हे पक्षी अशा नावांचे चार संघ, सकाळी कुडू हरणाच्या शिंगाची हाक. स्काऊटमधली आपली छोट्या गटांची संघपद्धती इथूनच आली. स्काऊटच्या 'प्रवेश' चाचणीला चळवळीचा इतिहास विचारतात आणि नेमकं तेच इथे वाचता येत नाही.

एक चित्र तर उलटं छापलंय. पदकं उजव्या छातीवर, सलामी डाव्या हाताने. स्काऊटचं डाव्या हाताचं हस्तांदोलन शिकवता शिकवता पोरं सलामीही डाव्याने ठोकतील. शेवटच्या चौकटीत निधनाची नोंद, ८ जानेवारी १९४१, न्येरी, केनिया, बरोबर आहे. पण समाधीवर कोरलेल्या, स्काऊटच्या वाट दाखवणाऱ्या खुणेतला ठिपका राहून गेलाय. नुसत्या वर्तुळाला काही अर्थ नाही; मधोमध ठिपका असेल तरच 'घरी गेलो'.

दुरुस्तीला बॉलपेन चालत नाही, लॅमिनेशनवर शाई पुसली जाते. पांढऱ्या स्टिकर कागदाच्या पट्ट्या कापा, आधी त्यांवर मार्करने लिहा, मग चिकटवा. ठिपका थेट परमनंट मार्करने द्या. उलट्या चित्रावर पट्टी लावून भागत नाही, दुसरं चित्र छापून चिकटवा.

लॅमिनेशन फक्त पुढच्या बाजूला आहे. पत्र्याच्या वर्गात एप्रिलमध्ये कागद आणि प्लॅस्टिक सारखं ताणत नाहीत, कडा आत वळतात. लावण्याआधी रात्रभर उलटी गुंडाळी करून ठेवा. वरची पट्टी नुसती दाबून बसवलेली असते, वजनाने निसटते. दोन्ही टोकांना स्टेपल मारा. दुकानात गुंडाळी पूर्ण उलगडूनच घ्या, कारण काही प्रतींत खालच्या ओळी कापल्या गेल्या आहेत.