छाटणीच्या नावाखाली माझा निंब बोडका केला, तुमचं झाड सांभाळा

नागपुरात पश्चिमेची भिंत काय असते हे वेगळं सांगायला नको. मे महिन्यात पारा 45 च्या आसपास जातो आणि दुपारी दोननंतर त्या भिंतीत मुरलेलं ऊन रात्री दहापर्यंत घरात जाणवत राहतं. वडिलांनी 1991 साली घर बांधलं तेव्हा त्याच बाजूला, भिंतीपासून पंधरा फूट सोडून, निंबाचं रोप लावलं. पहिली काही वर्षं ते खालचे फुटवे बोटाएवढे असतानाच काढायचे. त्यामुळे खोड दहा फुटांपर्यंत सरळ गेलं. त्यानंतर त्यांनी झाडाला मनासारखं पसरू दिलं. फेब्रुवारी-मार्चमध्ये पानगळ व्हायची, पाडव्याच्या सुमारास तांबूस पालवी यायची आणि खरं ऊन तापायच्या आत सावली दाट झालेली असायची. आई भर दुपारी ओट्यावर गहू निवडत बसायची.

ही सावली 2023 च्या मे महिन्यात एका सकाळी गेली.

गेटवर एक माणूस आला. मागे छोटा हत्ती, त्यात दोन पोरं, दोर आणि कटर मशीन. "काकाजी, फांद्या तारेवर येऊन राहिल्या. पहिल्या वादळात तुमच्याच छतावर पडते. आत्ताच शेजारच्या गल्लीतलं काम करून आलो." तारेकडची एक फांदी खरंच लांबली होती, त्यामुळे मला पटलं. परवानगीचं विचारलं तर त्याने प्लास्टिकच्या पिशवीतून एक कागद काढला. गोल शिक्का होता, सही होती. मी शिक्का पाहिला आणि कागद परत दिला. हलकी छाटणी, 3,500 रुपये, असं ठरलं.

मला बँकेत जायचं होतं. दीड तासाने परतलो तर गल्लीच्या तोंडापासूनच आमचं घर उघडं दिसलं. झाडावर एकही पान नव्हतं. मांडीएवढ्या पाच फांद्या मधेच कापून खुंट उभे ठेवले होते. तारेकडची फांदी तोडली तीही खोडाला सालपटून, कारण खालून खाच न देता वरूनच मशीन चालवली होती. फांदी स्वतःच्या वजनाने कोसळली आणि हातभर साल घेऊन खाली आली.

"हीच छाटणी असते काकाजी. आता पाहा कसं जोरात फुटते."

मग हिशेब निघाला. दर म्हणे फांदीमागे होता. मशीनचं पेट्रोल वेगळं, जखमांना लावलेल्या निळ्या 'औषधा'चे 1,500 वेगळे. एकूण 11,000. दिले नाहीत तर उरलेला पाला गल्लीत आडवा टाकून जातो, असंही सुनावलं. जाड ओंडके तोवर गाडीत भरून झाले होते. लोक जमले, मला ओशाळल्यासारखं झालं आणि मी 9,000 रोख देऊन टाकले. पावती घेतली नाही. पाला त्यांनी तरीही गेटसमोरच सोडला. संध्याकाळी त्या निळ्या औषधाचा वास घेतला तेव्हा कळलं की तो साधा ऑइल पेंट आहे. आमच्या सुताराने दुसऱ्या दिवशी आणखी एक गोष्ट सांगितली. निंबाच्या जाड लाकडाला आरा मशीनवर गिऱ्हाईक असतं, ही मंडळी लाकडासाठीच फिरतात. म्हणजे लाकूड माझं, ते नेण्याची मजुरीही माझीच.

तिसऱ्या दिवशी महापालिकेच्या उद्यान विभागाचे कर्मचारी आले, कोणीतरी तक्रार केली होती. परवानगी दाखवा म्हणाले. मी त्या माणसाचा नंबर लावला, तो बंद. छाटणीच्या सकाळी त्याने आमच्याआधी जिथे काम केलं होतं त्या घरी मी गेलो. त्यांनी कागदाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवला होता. तो कागद दुसऱ्याच वस्तीतल्या, दुसऱ्याच माणसाच्या गुलमोहराचा होता, आणि तोही मागच्या वर्षीचा. परवानगी त्या पत्त्यावरच्या त्या झाडापुरतीच असते, एवढी साधी गोष्ट वाचायला मला अर्धं मिनिट लागलं असतं. महाराष्ट्रात नागरी भागातल्या झाडांसाठी 1975 चा कायदा आहे. झाड तोडणं या शब्दात झाडाला कुठल्याही प्रकारे इजा करणंही येतं, आणि झाड स्वतःच्या अंगणातलं असलं तरी सुटका नाही. पंचनाम्यावर नाव माझं लागलं. लेखी खुलासा द्यावा लागला. तो कागदवाला कुठल्याच नोंदीत नाही. पोलिसांकडे अर्ज दिला आहे, पण माझ्याकडे पावती नाही, गाडीचा नंबर नाही.

पैशापेक्षा मला झाडाचं दुःख जास्त आहे. आमच्या गल्लीत कृषी महाविद्यालयातून निवृत्त झालेले एक काका आहेत, त्यांनी मला खुंटांजवळ नेऊन सगळं दाखवलं. फांदी खोडाला मिळते तिथे एक फुगीर कडा असते. त्या कडेच्या किंचित बाहेर काप घेतला तर साल चहूबाजूंनी येऊन जखम झाकते. मधेच कापलेला खुंट झाकला जात नाही, तो आतून कुजत जातो, आणि वर रंग फासून ते थांबत नाही. जड फांदी तीन कापांत उतरवायची. आधी खोडापासून फूटभर अंतरावर खालून खाच, मग तिच्या थोडं पुढे वरून काप, आणि वजन गेल्यावर उरलेला तुकडा कडेजवळ. एका वेळी पाव हिश्शापेक्षा जास्त पर्णभार काढायचा नाही. "सगळा शेंडा उडवून देतो" म्हणणारा माणूस माळी नाही, हे त्यांचं वाक्य मला आधी माहीत असतं तर बरं झालं असतं. तारेला लागणाऱ्या फांदीसाठी तर महावितरणच्या कार्यालयात कळवायचं असतं, हेही मला तेव्हा सुचलं नाही.

त्यामुळे मे-जूनमध्ये कोणी गेटवर आलं, तर कागद हातात घेऊन पत्ता, झाडाचं नाव आणि तारीख वाचा. त्या कागदाचा आणि गाडीच्या नंबरचा फोटो घ्या. कुठली फांदी कुठे कापायची ते खडूने खूण करून द्या, लाकूड कोणाचं आणि पैसे किती हे लिहून घ्या, आणि काम संपेपर्यंत झाडाखालून हलू नका. हे ऐकून तो निघून गेला तर जाऊ द्या.

त्याचं "जोरात फुटते" मात्र खरं ठरलं. पावसाळ्यात प्रत्येक खुंटाभोवती केरसुणीसारखे फुटवे आले. ते वरवरच्या सालीतून निघालेले असतात, त्यांची पकड कच्ची असते, आणि जाड झाल्यावर वाऱ्यात तेच आधी तुटतात. म्हणजे ज्या भीतीपोटी छाटणी केली तीच भीती आता खरी आहे. काकांच्या सांगण्यावरून आम्ही दरवर्षी थोडे-थोडे विरळ करतो, खुंटामागे नीट बसलेले दोन-तीनच ठेवतो. खोडाची पश्चिमेकडची साल उन्हाने भाजून तडकली आहे, तिथे गोणपाट बांधलं आहे. भिंतीला हिरवी जाळी लावली, स्वयंपाकघरात कूलर आणला. आई आता गहू आतल्या खोलीत निवडते.