मिरचीच्या हंगामाला ५० हजार हवेत : गट, मुद्रा, फायनान्स की सोनं?

मसाल्यासाठी मिरची घ्यायला पैसे लागतात माघ-फाल्गुनात आणि मसाला विकून ते मोकळे होतात ज्येष्ठात. मधले तीन-चार महिने निभवायला ५० हजार कुठून उचलायचे, हा प्रश्न बचत गटांच्या वह्या लिहिताना मी दर वर्षी ऐकते. विचारणाऱ्या ताईपुढे सहसा चार वाटा असतात: गटातून उचल, बँकेचं मुद्रा कर्ज, फायनान्स कंपनीचं ग्रुप लोन आणि सोनेतारण. सावकार पाचवा, पण शेकडा पाच म्हणजे वर्षाला ६० टक्के. त्याला इथेच सोडून देऊ.

आधी व्याजाचं बोलू, कारण फसगत तिथेच होते. ५० हजार, दोन वर्षांची मुदत धरा. गटातून शेकडा एक रुपयाने, म्हणजे वर्षाला १२ टक्क्यांनी, उरलेल्या रकमेवर व्याज लागलं तर महिन्याचा हप्ता २,३५४ रुपये आणि एकूण व्याज सुमारे साडेसहा हजार. फायनान्सचा दर २४ टक्के असेल तर हप्ता २,६४४ आणि व्याज जवळजवळ साडेतेरा हजार. हप्त्यात फरक फक्त २९० रुपयांचा दिसतो, म्हणून बायका म्हणतात, "एवढ्याने काय होतंय!" व्याज मात्र दुपटीहून जास्त गेलेलं असतं.

आणखी एक प्रकार आहे. "आमचंही व्याज शेकडा एकच" असं सांगणारा जर मूळ रकमेवर, म्हणजे फ्लॅट, व्याज लावत असेल, तर दोन वर्षांचे १२ हजार होतात. उरलेल्या रकमेच्या हिशेबाने तो दर २१-२२ टक्क्यांचा पडतो. म्हणून सही करण्याआधी एकच विचारा: व्याज मूळ रकमेवर की उरलेल्या रकमेवर? हे विचारायला लाजू नका. सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडच्या बायकांनी स्वतःची बँक काढायचं ठरवलं तेव्हा अंगठे उठवणाऱ्या म्हणून त्यांना आधी परवाना मिळाला नव्हता. त्या लिहायला शिकल्या, पुन्हा मुंबईला रिझर्व्ह बँकेकडे गेल्या, आणि १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली.

आता गट. माझं मत आधीच सांगते: तुमचा गट नीट चालत असेल तर हंगामाच्या पैशासाठी पहिलं दार हेच. महिला बचत गटांना बँकेकडून ३ लाखांपर्यंतचं कर्ज ७ टक्क्यांनी मिळतं, आणि गटाला १० लाखांपर्यंत तारण लागत नाही. गट सदस्याला १२ टक्क्यांनी देतो, मधला फरक गटाच्या निधीत राहतो आणि त्या निधीत तुमचाही वाटा असतो. अट एवढीच की गट किमान सहा महिने पंचसूत्रीने चाललेला हवा: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड आणि नीट लिहिलेल्या वह्या.

गटाची अडचण वेगळीच आहे. पहिलं कर्ज गटाच्या निधीच्या सहापट किंवा किमान दीड लाख, यातलं जे जास्त असेल तेवढं मिळतं. ते दहाजणींत सारखं वाटलं की वाट्याला येतात १५ हजार. त्यात ना मिरची येते ना धंदा उभा राहतो; पैसे दुकानाची उधारी आणि दवाखान्यात जातात. सारखं वाटणं दिसायला न्यायाचं दिसतं, पण धंद्याचा जीव त्यातच जातो. आमच्याकडच्या एका बैठकीत एका ताईला मिरचीसाठी जास्त रक्कम हवी होती, तेव्हा हाच वाद झाला. शेवटी दोघीजणी म्हणाल्या, "आम्हाला आत्ता नकोत, भाव उतरलाय तोवर तिला घेऊ द्या." तिने तीन महिने नुसतं व्याज भरलं, तेवढ्या काळात बँकेचा हप्ता गटाने आपल्या बचतीतून दिला, आणि पाऊस पडायच्या आत तिची मुद्दल वहीत जमा झाली. हंगाम बघून हप्ता ठरवणं गटाला असं जमतं.

फायनान्सचं कर्ज याच्या बरोब्बर उलट. पैसे आठवड्याभरात दारात येतात, ही त्याची खरी ताकद आहे आणि ती मी नाकारत नाही. पण हप्ताही लगेच सुरू होतो. अर्धी मिरची अजून उन्हात वाळत असताना मंगळवारच्या मीटिंगला हातात पुस्तक घेऊन बसलेली बाई मी पाहिली आहे. पहिले दोन हप्ते तिने कर्जाच्या पैशातूनच भरले. तिसऱ्याला शेजारणीकडून घेतले. पुढे शेजारणीचे फेडायला दुसरी फायनान्स काढली. शिवाय ग्रुपमधली एक चुकली की बाकीच्यांना वर्गणी काढावी लागते.

घ्यावंच लागलं तर नियम माहीत असू द्या. एप्रिल २०२२ पासून रिझर्व्ह बँकेने ठरवून दिलं आहे की घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या कौटुंबिक उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत. मुदतीआधी फेडलं तर दंड नाही. सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर वसुलीचा फोन नाही. दर आणि सगळे खर्च लिहिलेला कागद तुम्हाला कळेल अशा भाषेत मिळायला हवा. तो मराठीत मागा, आणि घरी नेऊन वाचल्याशिवाय सही करू नका. कर्ज तुमच्या नावावर आणि पैसे नवऱ्याच्या गाडीच्या हप्त्याला, असं होणार असेल तर घेऊच नका. थकलं की नाव तुमचंच खराब होतं.

मुद्रा मी मिरचीसाठी सुचवत नाही, मिरची कुटायच्या कांडप यंत्रासाठी सुचवते. ५० हजारांपर्यंत शिशु, त्यापुढे ५ लाखांपर्यंत किशोर, तारण नाही. दर बँकेनुसार बदलतो. यंत्र वर्षानुवर्षं कमावणार, मग त्याचं कर्जही दोन-तीन वर्षांचं असलेलं परवडतं. यंत्राचं कोटेशन, उद्यम नोंदणी (लहान धंद्याची सरकारी नोंदणी) आणि खात्यातला व्यवहार दिसेल असं पासबुक घेऊन जा. हेलपाटे होतात, ते धरूनच चला. पण हे कर्ज तुमच्या एकटीच्या नावाने फेडलं जातं, आणि पुढच्या मोठ्या कर्जाला तीच ओळख कामी येते.

सोन्याबद्दल बायका हळवं बोलतात, आणि ते मला समजतं. पण चार महिन्यांचं गणित बघा: बँकेत १० टक्क्यांनी ५० हजार, चार महिन्यांचं व्याज सुमारे १,६७०. हंगामापुरतं याच्याइतकं स्वस्त सहसा काही पडत नाही, आणि दर महिन्याच्या हप्त्याऐवजी शेवटी एकदम फेडायची सोयही मिळू शकते. किमतीच्या तीन चतुर्थांश रक्कम मिळते असं धरलं, तर त्याला ६७ हजारांच्या आसपासचं सोनं ठेवावं लागतं. सोडवायची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा, नाहीतर लिलावाची नोटीस येते. मंगळसूत्र सोडून बाकी काही असेल तरच ठेवा, असं मी सांगते. ज्येष्ठातच वटपौर्णिमा येते.

ज्यांच्याकडे गटही नाही आणि सोनंही नाही, त्यांनी या हंगामात घरच्या पैशात मावेल तेवढीच मिरची घ्यावी. आणि पुढच्या हंगामासाठी गणपतीच्या आधी दहाजणी जमवून पहिली बैठक घ्यावी. तिथून सहा महिने मोजले की बरोबर फाल्गुन येतो.