मेरियम-वेबस्टरचा ऑनलाइन कोश : एका 'कॉपी'पुरती परीक्षा

शब्दकोशाची परीक्षा अवघड शब्दांवर घेऊ नये, कारण त्यांचे अर्थ बहुतेक कोशांत सारखेच सापडतात. कोशाचा कस लागतो तो वापरून गुळगुळीत झालेल्या शब्दांवर. इंग्रजी बातम्या मराठीत आणण्याचे काम करताना मला असा शब्द शोधायला लांब जावे लागले नाही. बातमीदार कॉपी देतो, उपसंपादक ती तपासतो, वितरण विभाग अंकाच्या किती कॉपी खपल्या ते सांगतो आणि जाहिरात विभागाची कॉपी या सगळ्यांहून निराळी असते. म्हणून मेरियम-वेबस्टर या अमेरिकी प्रकाशकाच्या ऑनलाइन इंग्रजी कोशाची पारख मी याच एका शब्दावर केली.

नाम म्हणून दिलेल्या अर्थांत पहिला मान नकलेला आहे, दुसरा छापील प्रतीला, आणि तिसऱ्या क्रमांकावर छपाईसाठी जुळवायचा मजकूर येतो. पत्रकारितेचा सारा संसार या तिसऱ्या अर्थात आहे. त्याच्याच पोटात 'छापण्याजोगे, बातमीमूल्य असलेले काही' असा उपअर्थ दिला असून, या अर्थी शब्दाला 'अ'सारखे उपपद (आर्टिकल) लागत नाही अशी टीपही जोडली आहे. ही छोटी टीप मला संपूर्ण नोंदीतील सर्वांत मोलाची वाटली. एखादा पुढारी 'गुड कॉपी' आहे असे इंग्रजी पत्रकार म्हणतो, तेव्हा त्या पुढाऱ्याविषयी लिहिण्यासारखे भरपूर मिळते असा त्याचा आशय असतो; आधी 'अ' हे उपपद लागले, तर मात्र तीच 'चांगली नक्कल' किंवा 'सुस्थितीतील प्रत' होते. नवशिका अनुवादक नेमका इथे घसरतो, आणि उपपदाकडे लक्ष वेधणारा कोश त्याला सावरतो.

नोंद उणी पडते ती अर्थांची सांगड घालताना. पहिल्या अर्थी जी गोष्ट मुळावरून उतरवलेली, तीच तिसऱ्या अर्थी स्वतः मूळ कशी झाली, हा प्रश्न वाचकाला पडल्याशिवाय राहत नाही. व्युत्पत्तीची ओळ 'विपुलता' या अर्थाच्या लॅटिन 'कोपिया'पर्यंत नेऊन सोडते. पुढची वाट आपली आपण काढायची. ती फार बिकट नाही. लेखनिकाने उतरवलेली संहिता छापखान्यात आली की जुळाऱ्यापुढे तीच मूळ ठरते, कारण तिच्यावरून तो खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरे, जुळवतो. ब्रिटनच्या 1710 च्या कायद्याने छापील पुस्तकांच्या 'कॉपीज' लेखकांच्या स्वाधीन केल्या, तेव्हा प्रश्न कागदाच्या गठ्ठ्यांचा नव्हता, तर ग्रंथ छापण्याच्या हक्काचा होता; 'कॉपीराइट'मधला 'कॉपी' हाच. मराठीतही वेगळे घडलेले नाही. आपण 'मुद्रणप्रत' म्हणतो ती अंकाच्या हजारो प्रतींच्या आधीची, एकुलती एक प्रत असते.

'कॉपीडेस्क' (कॉपी तपासण्याचे मेज), 'कॉपीरीडर' (ती तपासणारा), 'कॉपीबॉय' (ती पोचवणारा पोऱ्या) अशा जोडशब्दांना स्वतंत्र नोंदी मिळाल्या आहेत, ही सोय चांगली आहे. बातमीदाराने दूरध्वनीवरून सांगितलेली बातमी टंकित करून घेणारा 'कॉपीटेकर' किंवा प्रतिस्पर्ध्याच्या मालाला नावे ठेवणारी जाहिरातीतली 'नॉकिंग कॉपी' हे मात्र ब्रिटनचे शब्द असल्याने त्यांच्यासाठी ब्रिटिश कोशच उघडावा. ध्वनिमुद्रित उच्चारही अमेरिकी धाटणीचा, आपल्या कानाला 'कापी'सारखा वाटणारा आहे. परीक्षेतली 'कॉपी' मराठी माणसाला सर्वांत आधी आठवते, पण तिची अपेक्षा या कोशाकडून करण्यात अर्थ नाही.

कोश पाहण्यास पैसे पडत नाहीत, त्याच्या बदल्यात जाहिराती सोसाव्या लागतात. बृहत् आवृत्तीला वेगळे शुल्क आहे. वृत्तपत्रातील रोजच्या कामाला मोफत आवृत्ती पुरते, असा माझा अनुभव आहे. मात्र पहिला अर्थ दिसताच पान मिटण्याची घाई करू नये. याच नोंदीत 'जुना प्रयोग' अशी खूण करून 'ज्याचे अनुकरण करायचे तो नमुना' असाही एक अर्थ दिला आहे. आपण त्याला कित्ता म्हणतो, आणि 'कॉपीबुक' म्हणजे काय हे मला त्या एका ओळीने सांगितले.