‘गहाळ’ की ‘चोरी’? आमच्या पोलीस ठाण्यातील सेवेचा अनुभव

गेल्या गणपतीत, चाकरमान्यांच्या गर्दीने भरलेल्या आमच्या तालुक्याच्या एसटी स्थानकावर आईची पिशवी ब्लेडने कापून कोणीतरी तिचा मोबाईल काढून घेतला. रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील या तालुक्यात पोलीस ठाण्याच्या सेवेचा जो अनुभव त्यानंतर आला, तो येथे लिहीत आहे.

शहाण्याने पोलीस ठाण्याची पायरी चढू नये, असे मानणाऱ्या पिढीतील माझी आई. ठाण्याच्या दाराशी तिने देवळात काढाव्यात तशा चपला काढल्या. मदत कक्षातील महिला शिपाई उठून पुढे आल्या आणि ‘‘आजी, चपला घालूनच या, फरशी ओली आहे,’’ असे म्हणत त्यांनी तिला हाताला धरून खुर्चीवर बसवले, पाणी दिले. पंचवीस वर्षांपूर्वी वडिलांसोबत याच ठाण्यात जमिनीच्या वादासाठी आलो होतो, तेव्हा दुपारभर आम्हाला व्हरांड्यात उभे ठेवले होते. हा फरक मला फार मोलाचा वाटतो आणि त्याचे श्रेय द्यायलाच हवे.

अडचण आली ती लिहिण्याच्या वेळी. ठाणे अंमलदारांनी आईचे सगळे म्हणणे शांतपणे ऐकले आणि कागदावर मात्र ‘गर्दीत मोबाईल गहाळ झाला’ असे लिहिले. ‘गहाळ’ लिहिले की नुसती नोंद होते, तर ‘चोरी’ लिहिली की गुन्हा दाखल करावा लागतो, तपास करावा लागतो आणि ठाण्याच्या गुन्ह्यांचा आकडा वाढतो. ‘‘गहाळ लिहिले तर तुमचे काम लवकर होईल,’’ असे त्यांनी आपुलकीने सांगितले. तेव्हा आईने पिशवी टेबलावर ठेवली, कापलेल्या जागेतून दोन बोटे बाहेर काढून दाखवली आणि विचारले, ‘‘गहाळ झाला तर ही कोणी कापली, बाबा?’’

दखलपात्र, म्हणजे पोलिसांना न्यायालयाच्या आदेशाशिवाय तपास करता येणाऱ्या, गुन्ह्याची माहिती मिळाल्यास तो नोंदवणे बंधनकारक आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ललिता कुमारी प्रकरणात दिला आहे. मी त्याचा उल्लेख करून, गुन्हा नोंदवणार नसाल तर तसे लेखी द्या, अशी विनंती केली. प्रभारी अधिकारी आले, त्यांनी पिशवी पाहिली आणि चोरीचा गुन्हा दाखल करून घेतला. प्रथम खबरीची (एफआयआरची) प्रत विनामूल्य मिळाली. या सगळ्यात तीन तास गेले. सोबत कोणी नसते, तर आई ‘गहाळ’चा कागद घेऊन मुकाट्याने घरी आली असती, याची मला खात्री आहे.

पुढचे तांत्रिक काम उत्तम झाले. १६ मे २०२३ पासून देशभर सुरू असलेल्या ‘संचार साथी’ या सरकारी संकेतस्थळावर एका तरुण शिपायाने आयएमईआय (प्रत्येक मोबाईलचा स्वतंत्र ओळख) क्रमांक, खरेदीची पावती आणि ओळखपत्र जोडून मोबाईल बंद करण्याची विनंती नोंदवली आणि विनंती क्रमांक आईला मोठ्या अक्षरांत लिहून दिला. त्याच क्रमांकाचे नवे सिम आधी घेऊन जावे, कारण ओटीपी त्यावर येतो. आम्हाला त्यासाठी दुसरी खेप पडली. मोबाईलचे खोकेही जपून ठेवावे, कारण पंधरा आकडी आयएमईआय त्यावर छापलेला असतो.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार तपासाची प्रगती तक्रारदाराला नव्वद दिवसांच्या आत कळवावी लागते. आम्हाला एक फोन किंवा साधा संदेशही आला नाही. दोनदा मी स्वतः जाऊन चौकशी केली आणि दोन्ही वेळा उत्तर सौजन्यपूर्ण मिळाले. पण तीस किलोमीटरवरून एसटीने येणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला ते कसे मिळणार? पाचव्या महिन्यात त्या मोबाईलमध्ये कोणीतरी सिम घातले, त्याची सूचना ठाण्याला गेली आणि मोबाईल सापडला.

तो घ्यायला आई एकटी गेली. कापलेली पिशवी तिने शिवून घेतली होती, तीच घेऊन ती गेली. या वेळी तिने चपला काढल्या नाहीत.