हवा सोडायची हिंमत: १२ व्होल्टचा कंप्रेसर, दहा महिन्यांनंतर

हवा भरायच्या यंत्रावर एवढं लांबलचक काय लिहायचं, असं घेताना मलाही वाटलं असतं. भरतो की नाही, एवढाच तर प्रश्न. पण दहा महिने हा डबा कोरड्या, उघड्याबोडक्या डोंगरांतल्या वाटांवर फिरवल्यावर माझी गाडी चालवायची रीतच बदलली, आणि बदल झाला तो हवा सोडायच्या वेळी.

आधीचं सांगते. अशा वाटांवर टायरला पकड मिळावी म्हणून सकाळी थोडी हवा सोडायची आणि परतीला डांबरी रस्ता लागला की पुन्हा भरायची. पूर्वी माझ्याकडे लायटरच्या सॉकेटला लावायचा छोटा पंप होता. त्या सॉकेटचा फ्यूज साधारण १० ते २० अँपिअरचा असतो, त्यामुळे मोटर बेताचीच. गाडीची चाकं २६५/७० आर १७, म्हणजे चांगलीच मोठी. २८ पीएसआयवरून (पीएसआय म्हणजे हवेच्या दाबाचं माप) ३५ करायला चार चाकांना पाव तास लागे. १८ वरून ३५ करायचं म्हटलं तर पाऊण तास, आणि मध्ये पंप तापून बसला तर तो वेगळा. दिवसभर दगडांवर आदळून आल्यावर, परतीच्या उन्हात, गुडघ्यांवर बसून पाऊण तास काढणं जिवावर यायचं. म्हणून सकाळी हवा सोडतानाच हात आखडता. ३५ ची २८ केली की स्वतःला सांगायचं, झालं की, सोडली हवा.

आता ज्या वाटेवर हे अंगाशी आलं ती वाट. सुरुवातीला नदीचं कोरडं पात्र, त्यात गोटे आणि मधूनमधून मऊ वाळू. मग वळणावळणांची चढण, एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला काही नाही. आणि चढणीच्या मध्यावर एक पायरी. उंची फार नाही, नडगीच्या मध्यापर्यंत येईल एवढीच, पण तिच्या पायथ्याशी सुट्या दगडांचा थर आहे. जोर घ्यायला खाली घट्ट काही नाही आणि वेग घ्यायला मागे जागा नाही.

२८ वर पुढची चाकं चढायची आणि मागचं उजवं जागच्या जागी फिरायचं. दगड मागे उडायचे, रबराचा वास यायचा, गाडी हळूच दरीच्या बाजूला सरकायची. दादा बाहेर उभा राहून चाकं कुठे टाकायची ते हातांनी दाखवतो. तो ओरडायचा, "थांब, थांब, खड्डा खणतेयस!" एकदा तिसऱ्या प्रयत्नाला मी जोरात घेतली, तर स्किड प्लेटवर, म्हणजे गाडीच्या पोटाखालच्या संरक्षक पत्र्यावर, असा आवाज झाला की दादाने दोन्ही हात डोक्यावर ठेवले. त्या दिवशी तिथूनच उलट्या गिअरमध्ये खाली आलो. गाडी कमी पडली असं मी सगळ्यांना सांगितलं. डिफ लॉक (दोन्ही बाजूंची चाकं एकत्र फिरवणारी सोय) नाही म्हणून, टायर गुळगुळीत झालेत म्हणून. टायरची नक्षी चांगली निम्म्याहून जास्त शिल्लक होती.

नवा कंप्रेसर आल्यावर पहिल्याच फेरीत १८ केली. फोर लो (चारही चाकांना जोर, वेग कमी), पहिला गिअर, अ‍ॅक्सिलरेटरला जेमतेम पाय. गाडी चढली. धक्का नाही, उसळी नाही, जिना चढावा तशी. माझा विश्वास बसेना म्हणून दादाला चालवायला देऊन मी मागच्या चाकाजवळ वाकून बसले. टायर दगडाच्या कोपऱ्यावर आला, उशीत डोकं रुतावं तसा कोपरा रबरात रुतला, बाजूची भिंत फुगली, आणि आजूबाजूच्या आणखी तीन दगडांना रबर टेकलं. २८ वर तोच टायर एकाच दगडाच्या टोकावर नाचत होता.

हिशेब सोपा आहे. एका चाकावर ५०० किलो भार धरला तर ३५ पीएसआयला जमिनीला टेकणारा भाग साधारण २०० चौरस सेंटिमीटर आणि १८ ला जवळजवळ ४०० होतो. प्रत्यक्षात थोडा कमी, कारण काही भार टायरची भिंतही उचलते. हा भाग रुंदीपेक्षा लांबीत जास्त वाढतो, रणगाड्याच्या पट्ट्यासारखा. म्हणूनच वाळूतही गाडी रुतत नाही. जाड भिंतीचे, ट्रकसारखे एलटी टायर असतील तर तेवढाच फुगवटा यायला आणखी खाली जावं लागतं, त्यामुळे माझा १८ चा आकडा जसाच्या तसा उचलू नका. आणि साध्या रिमवर १५ च्या खाली मी जात नाही. वाळूत झटकन स्टिअरिंग वळवलं तर टायरची कड रिमवरून सुटते, आणि ती परत बसवायला भर उन्हात कोण बसणार.

तर यंत्राबद्दल. हा थेट बॅटरीला चिमटे लावून चालतो, कारण वीज भरपूर ओढतो. वायरवर ४० अँपिअरचा फ्यूज आहे. चालवताना इंजिन सुरूच ठेवायचं, नाहीतर हवा भरून झाल्यावर गाडीला धक्का मारायची वेळ येईल. डब्यावर मिनिटाला ७० लिटर असा दावा छापलाय. तो मोकळ्या हवेत, दाब नसताना. टायरचा दाब वाढतो तसा वेग पडतो. माझ्या एका चाकाला १८ ते ३५ म्हणजे साधारण ८० लिटर हवा आत ढकलायची असते. त्याला नवा असताना तीन मिनिटांच्या आत लागायचं. चारही चाकं, वायर-नळी इकडून तिकडे नेण्यासकट, पाव तासात. आधी २८ वरून भरायला जेवढा वेळ जायचा तेवढाच. सगळा फरक इथे आहे. परत भरायची धास्ती गेली, म्हणून सोडताना हात मोकळा झाला.

आता तक्रारी. त्याच्यावरचा काटा हवा भरत असताना खोटं बोलतो. तो नळीतला दाब दाखवतो, टायरमधला नाही, आणि तो जास्त असतो. ३५ दिसलं म्हणून बंद केलं तर टायरमध्ये ३१ असायचे. थांबवून, काटा स्थिर झाल्यावरच वाचायचं. मी शेवटी वेगळा हातातला गेज ठेवला, आणि खरं तर सगळ्या सामानात तीच कामाची वस्तू निघाली.

नळी दुसऱ्या महिन्यातच गेली. प्लॅस्टिकची होती, कंप्रेसरच्या तोंडाशी गरम होऊन फुगली आणि तिथेच फाटली. जाड रबरी नळी लावली, तेव्हापासून त्रास नाही. नळीचं पितळी टोक वॉल्व्हवर आट्यांनी फिरवून बसतं. भरून झाल्यावर ते इतकं तापलेलं असतं की उघड्या हाताने सोडवताना बोटं भाजतात, आणि घाईत सोडवलं तर दोन पीएसआय फुस्स करून जातात. हातमोजे लागतातच.

सहाव्या महिन्यात वेग पडला. तीन मिनिटांची पाच झाली. मोटर गेली असं समजून मी नवीन शोधायला लागले होते. दादाने हवा आत घेणारं झाकण उघडलं, तर आतला स्पंज पिठासारख्या बारीक धुळीने भरून घट्ट झालेला. साबणाच्या पाण्यात धुतला, पूर्ण वाळवला, वेग परत आला. माहितीपत्रकात याचा उल्लेख आहे, अगदी शेवटच्या पानावर. आता दर दोन फेऱ्यांनी झाकण उघडते आणि यंत्र वाळूत न ठेवता चटईच्या तुकड्यावर ठेवते.

उन्हात तो बंदही पडतो. एकदा तिसऱ्या चाकावर, २४ वर असताना अचानक शांत झाला. बिघाड नव्हता, तापल्यावर स्वतःहून बंद होणारी सोय आहे. मी त्याला तापलेल्या खडकावर ठेवलं होतं, चूक माझीच. गाडीच्या सावलीत ठेवला की चारही चाकं एका दमात होतात.

हवा कमी केली की फुकटात काही मिळत नाही, हेही सांगायला हवं. गाडी एक-दोन सेंटिमीटर खाली बसते, आणि फुगलेल्या भिंती बाहेर येतात, नेमक्या धारदार दगडांच्या वाटेत. चौथ्या महिन्यात अरुंद कपारीतून जाताना मागच्या डाव्या टायरची भिंत अंगठ्याएवढी फाटली. नक्षीच्या भागातलं पंक्चर दोरी खुपसून बंद होतं, भिंतीतली फाट तशी धरत नाही. स्टेपनी लावली आणि तो टायर बाद केला. तेव्हापासून कपारीच्या जागी दादाला मागच्या चाकांकडे बघायला सांगते. पुढची चाकं मला अंदाजाने कळतात, मागची नेहमी आतून कापत येतात. बाकी १८ वर ताशी ३०-४० च्या वर जायचं नाही, भिंती तापतात. डॅशबोर्डवर दाबाचा पिवळा दिवा दिवसभर जळतो, बहुतेक गाड्यांत नेमून दिलेल्या दाबापेक्षा साधारण २५ टक्के खाली गेलं की तो लागतो. त्याच्याकडे बघायचं नाही.

डोंगरात तापमानाचाही खेळ असतो. पहाटे १० अंशांना टायर ३५ ला असतील तर दुपारी ४० अंशांना, गाडी उभी असली तरी, तेच ४० च्या आसपास दाखवतात. पाच-सहा अंशांना एक पीएसआय, असा ढोबळ नियम. पहिल्यांदा दुपारी वाढलेला आकडा बघून मी घाबरून हवा सोडली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे सगळ्या चाकांत हवा कमी पडलेली. आता मोजते ते पहाटे, टायर गार असताना.

कोणी घ्यावा? वाळूत वर्षातून एकदा जाणाऱ्याने नाही. छोटा पंप आणि थोडा धीर पुरेल. दगडांच्या चढणीवर महिन्यातून एकदा जात असाल तर थेट बॅटरीवर चालणारा घ्या, कुठल्याही नावाचा, फक्त नळी रबरी आणि स्पंजचं झाकण हाताने उघडणारं बघून घ्या. हवा सोडायला वॉल्व्हची पिन काढणारं हत्यार घेतलं तर एक चाक मिनिटभरात होतं, पण पिन बोटांतून वाळूत पडते. माझ्या दोन हरवल्या. चार जादा ठेवा.

गेल्या फेरीला आम्ही चार गाड्या होतो. पायरी सगळ्यांनी चढली, एकीला तीन प्रयत्न लागले, तिच्या टायरमध्ये २६ होते. संध्याकाळी डांबरी रस्ता लागल्यावर मी कंप्रेसर बाहेर काढला आणि मागे वळून बघते तर रांग. सोळा चाकं. आठव्यानंतर त्याला वीस मिनिटं सावलीत गार होऊ दिला. तोवर २६ वाली विचारून गेली होती, कुठला घेतलास म्हणून.