‘१०० टक्के मेरिनो’ म्हणून घेतलेला थर्मल

फेब्रुवारीत गुलमर्गला स्नोबोर्डिंग शिकायला जायचं ठरलं. बोर्ड, बूट, जॅकेट तिथं भाड्यानं मिळतं, पण अंगालगतचा थर्मल आपलाच न्यावा लागतो (भाड्याचा कोण घालणार!). माझ्याकडे होता तो सुती इनर, पुण्याच्या डिसेंबरात सकाळी स्कूटरवर घालायचा. बर्फात सुती चालत नाही एवढं ठाऊक होतं, म्हणून मेरिनो जातीच्या मेंढीच्या मऊ लोकरीचा शोधू लागलो. दुसऱ्या दिवसापासून फोनवर जाहिराती सुरू. त्यातल्याच एका इन्स्टाग्राम पेजवर मी फसलो.

मेंढीचं चित्र, ‘१०० टक्के ऑस्ट्रेलियन मेरिनो’, वरचा-खालचा मिळून १,८९९ रुपये, ‘शेवटचे ६ नग’. किंमत बघूनच थांबायला हवं होतं. अस्सल मेरिनोचा नुसता वरचासुद्धा एवढ्यात येत नाही. पण स्वस्तात घबाड सापडलं असं वाटलं की माझं डोकं चालेनासं होतं. कॅश ऑन डिलिव्हरी नव्हती. यूपीआयनं आधीच पैसे भरून मोकळा झालो.

माल आला तो जाड आणि आतून मऊ लव असलेला. आईनं हात फिरवला आणि म्हणाली, “किती ऊबदार आहे रे!” आम्ही दोघंही त्या लवेवर भाळलो, आणि खरी शंका तिथंच यायला हवी होती. बेस लेयरचं (अंगालगतच्या थराचं) मेरिनो कापड सहसा पातळ, टी-शर्टसारखं विणलेलं असतं, आतून-बाहेरून जवळपास सारखंच दिसतं. आतून अशी पिंजलेली लव म्हणजे बहुधा फ्लीस, म्हणजे पिंजून मऊ केलेलं, बहुतेकदा कृत्रिम धाग्याचं कापड. खोक्यावर बारीक अक्षरांत ‘मेरिनो टच’ असं छापलं होतं. टच! आतलं लेबल मानेला टोचत होतं म्हणून मी ते न वाचताच कापून टाकलं.

नवशिका स्नोबोर्डर निम्मा वेळ बर्फात बसलेलाच असतो. दोन्ही पाय एकाच फळीला बांधलेले. पडायचं, धडपडत उठायचं, बाइंडिंग (बूट फळीला बांधायचे पट्टे) आवळायला पुन्हा बसायचं. त्या कसरतीत पाठीला घाम फुटतो आणि मग आपली पाळी येईपर्यंत वाऱ्यात उभं राहायचं. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळपास एक तृतीयांश ओल शोषूनही अंगाला ओली लागत नाही. माझा थर्मल मात्र अकरालाच ओल्या टॉवेलसारखा पाठीला चिकटला. पाणी हवेच्या सुमारे २५ पट उष्णता ओढून नेतं म्हणतात, ते त्या दिवशी अंगावर अनुभवलं. दात वाजायला लागले, बोटांना पट्टा धरवेना. शिक्षकानं माझा अवतार बघून सरळ खोलीवर पाठवलं. त्या दिवसाची फी बुडाली. शिवाय खालच्याच्या जाड तंगड्या बुटात कोंबल्या होत्या, त्यांच्या घड्यांनी नडगीवर वळ उठले ते वेगळेच. (तंगडी बुटाच्या वरच संपणारी हवी.)

रात्री थर्मल बुखारीजवळ (खोली ऊबदार ठेवणाऱ्या शेगडीजवळ) वाळत घातला होता. शिक्षक चौकशीला आले, त्यांनी शिवणीजवळचा एक धागा ओढून बाहेर अंगणात लायटर लावला. लोकर जळताना केस जळल्यासारखा वास येतो, ज्योत काढली की ती आपणहून विझते आणि राख बोटांनी चुरगळते. हा धागा कागदासारखा भुर्रकन पेटला आणि शेवटी काळी, टणक गुठळी उरली. “ये ऊन नहीं है, जनाब.” सूत आणि पॉलिएस्टरची भेसळ.

नुसतं चांगलं पॉलिएस्टर असतं तरी माझी तक्रार नव्हती. खोलीतल्या मित्रानं त्याचा जादा पॉलिएस्टर थर्मल दिला, त्यावर पुढचे चार दिवस मजेत गेले. तिसऱ्या दिवशी त्याला वास मारायला लागला, एवढंच. मेरिनोला तो इतक्या लवकर येत नाही.

पेजवाल्याला धाग्याचा फोटो पाठवला. “सर, एकदा धुऊन बघा,” असं उत्तर आलं आणि मग ब्लॉक. बँक म्हणाली, पैसे तुम्ही स्वतःच पाठवलेत. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, पण विक्रेत्याचा पत्ता होता पार्सलच्या पिशवीवर, ती केव्हाच कचऱ्यात गेली होती. लेबल कापलेलं. जाहिरातीचा स्क्रीनशॉटही नाही. तक्रारीला जोडायला उरली फक्त यूपीआयची पावती.

परवा फोनवर तीच मेंढी पुन्हा दिसली. पेजचं नाव वेगळं, भाव १,४९९. या वेळी आधी स्क्रीनशॉट काढला.